यादी म्हणजे आराखडा नव्हे

या वेळच्या पत्रांमध्ये निबंधांच्या तक्रारीच जास्त आहेत. सत्र संपत आलं की असंच होतं. पहिल्या पत्राला मी हात सैल सोडून जागा दिली आहे, कारण त्या विद्यार्थिनीने निबंधाचा प्रश्न, स्वतःचा आराखडा, अख्खा निबंध आणि परीक्षकांचा शेरा असं सगळं धाडलं आहे. एवढं हाताशी आलं की हवेत बोलावं लागत नाही. विषय नवा असलेल्यांसाठी एवढंच: जॉन स्नो हे लंडनचे डॉक्टर. ब्रॉड स्ट्रीटवरच्या विहिरीच्या सार्वजनिक हातपंपातून कॉलरा पसरतोय असं त्यांचं म्हणणं होतं, मृत्यू कुठे झाले याचा नकाशा त्यांनी काढला, आणि त्यांच्या सांगण्यावरून त्या पंपाचा दांडा काढण्यात आला.

मॅडम, मी सार्वजनिक आरोग्य या विषयाच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला निबंध होता: "जॉन स्नो यांच्या संशोधनामुळे लंडनमधील ब्रॉड स्ट्रीटची १८५४ची कॉलऱ्याची साथ आटोक्यात आली. या विधानाचे चिकित्सक परीक्षण करा." मर्यादा २००० शब्दांची. आधी आराखडा करा असं सगळेच सांगतात, म्हणून मी केला: प्रस्तावना, स्नो यांचा परिचय, तेव्हाचं लंडन, कॉलरा म्हणजे काय, साथीची हकीकत, नकाशा, पंपाचा दांडा, परिणाम, उपसंहार. प्रत्येक भागाला शब्दही वाटून दिले होते. निबंध वेळेत दिला, माहितीत एकही चूक नव्हती. शेरा आला: "वर्णनात्मक. तुमचं म्हणणं काय?" गुणही बेताचेच. आराखडा करूनही असं का व्हावं?

तू केलीस ती अनुक्रमणिका. आराखडा अजून व्हायचाच होता.

या दोन्हींतला फरक ओळखायची माझी एक साधी खूण आहे. आराखड्यातल्या प्रत्येक ओळीशी कुणाला भांडता यायला हवं. "नकाशा" या शब्दाशी कोण भांडणार? "नुसत्या नकाशावरून काहीच सिद्ध होत नाही" असं लिहिलंस, तर वर्गातले निम्मे लगेच तोंड उघडतील. म्हणून आराखडा पूर्ण वाक्यांत लिहायचा, आणि त्या वाक्यांच्या मध्ये "कारण", "पण", "तरीही", "म्हणून" यांपैकी काहीतरी बसतंय का ते पाहायचं. तुझ्या नऊ शीर्षकांच्या मध्ये फक्त "आणि" बसतो. निबंध वर्णनात्मक झाला तो तिथेच, पहिला परिच्छेद लिहिण्याच्याही आधी.

तुझाच प्रश्न घेऊन बघू. विधानात एक कार्यकारण दडवलेलं आहे: संशोधन झालं, त्यामुळे साथ आटोक्यात आली. "चिकित्सक परीक्षण" म्हणजे तो "त्यामुळे" तपासायचा. त्यासाठी स्नो यांचं बालपण लागत नाही, कॉलऱ्याची लक्षणं लागत नाहीत. आधी तारखा लागतात. साथ भडकली ३१ ऑगस्टच्या रात्री. स्नो यांच्या तक्त्यात १ सप्टेंबरला १४३ प्राणघातक लागणी आहेत. पंपाचा दांडा काढला ८ सप्टेंबरला, आणि त्या दिवशीचा आकडा आहे १२. म्हणजे दांडा निघाला तेव्हा साथ उतरणीला लागून आठवडा होत आला होता. मधल्या काळात लोक घरंदारं टाकून पळाले होते. खुद्द स्नो यांनीच १८५५च्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे की, पाणी बंद होण्याआधीच लागणी इतक्या घटल्या होत्या की विहिरीत तेव्हा विष शिल्लक होतं की नव्हतं हे सांगता येणार नाही. ही माहिती तुझ्या निबंधातही आहे, "साथीची हकीकत" या भागात, तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी. निबंधाचा कणाच तू तिथे पुरून ठेवलास.

आता यावरून एक कच्चं उत्तर लिहायचं, एकाच वाक्यात: "साथ स्नो यांच्यामुळे थांबली नाही, ती ओसरत होतीच." हे वाक्य कागदाच्या वरच्या टोकाला लिही आणि मग त्याच्याशी तूच भांड. वाचणारा विचारेल, मग स्नो यांचं नाव घेतात ते उगाच? तर नाही. त्यांनी दाखवलं ते वेगळंच होतं: रोग हवेतून नव्हे, पाण्यातून पसरतोय. याचा पुरावा कुठे आहे? सगळे नकाशाकडे बोट दाखवतात. पण पंपाभोवती मृत्यूंची दाटी दिसते, तेवढ्यावरून दूषित हवेचा सिद्धान्त मानणाराही खूश होऊ शकतो. तो म्हणेल, इथेच घाण होती, इथलीच हवा विषारी. त्याचं तोंड बंद होतं ते अपवादांनी. त्याच गल्लीतल्या बिअरच्या कारखान्यात सत्तरहून अधिक कामगार होते, कॉलऱ्याने एकही मेला नाही. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. जवळच्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात ५३५ माणसं होती, कॉलऱ्याने दगावली ती पाच. त्यांची विहीर स्वतंत्र होती. आणि दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा मेली, तिला मात्र ब्रॉड स्ट्रीटचं पाणी आवडायचं म्हणून गाडीतून बाटली जात असे. हवा तीच असून माणसं वाचली, हवा वेगळी असून बाई गेली. नकाशाला मिळालेली जागा खरं तर या तीन उदाहरणांची होती. तू ती "इतर निरीक्षणे" म्हणून दोन ओळींत उरकली आहेस.

इथवर आलीस की निबंध उभा राहिला असं वाटेल. पण मजा पुढे आहे. हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले एक धर्मोपदेशक स्नो यांचं म्हणणं खोडून काढायला घरोघर हिंडले आणि शेवटी त्यांनाच ते पटलं. पंपासमोरच्या ४० क्रमांकाच्या घरात एक तान्ही मुलगी साथीच्या अगदी सुरुवातीला आजारी पडली होती आणि तिच्या लंगोटांचं पाणी विहिरीलगतच्या मैलाकुंडीत जात होतं, हा धागा त्यांनी शोधून काढला. त्यातही एक तपशील असा की, त्या मुलीचा बाप आजारी पडला तो नेमका ८ सप्टेंबरला. म्हणजे दांडा जागेवर असता, तर विहिरीत पुन्हा विष जाऊन साथीची दुसरी लाट उठणं शक्य होतं. झालं! तुझं कच्चं उत्तर डळमळलं.

अशा वेळी विद्यार्थी एक तर तो तपशील गाळतात, नाही तर "दुसरी बाजू" असं शीर्षक देऊन शेवटाकडे ढकलतात. दोन्ही करू नकोस. वाक्य बदल: "दांडा काढल्याने आलेली साथ ओसरली नाही, पण येऊ शकणारी कदाचित टळली, आणि स्नो यांच्या कामाचं खरं मोल या दोन्हींपेक्षा त्यांच्या पुराव्याच्या पद्धतीत आहे." हे वाक्य पहिल्यापेक्षा लांब आहे, थोडं बोजडही आहे, पण खरं आहे. प्रतिपादन म्हणतात ते हेच. ते वाचनाच्या आधी सुचत नाही आणि सगळं लिहून झाल्यावर शोधायचंही नसतं. कच्चं मांडायचं, पुराव्याने ते वाकवलं तर वाकू द्यायचं.

मग आराखडा असा होईल. दांडा निघाला तेव्हा साथ उतरत होती, त्यामुळे विधान शब्दशः घेतलं तर टिकत नाही. तरीही रोग पाण्यातून पसरतो हे स्नो यांनी दाखवलं, कारण त्यांनी अपवाद शोधले. पण तेव्हाच्या तज्ज्ञांना ते पटलं नाही: आरोग्य मंडळाच्या वैज्ञानिक समितीने १८५५मध्ये त्यांचं म्हणणं नाकारलं, त्यामुळे "संशोधनाचा परिणाम" लगेच झाला असंही म्हणता येत नाही. व्हाइटहेड यांच्या तपासाने मात्र पंपाचा दोष पक्का झाला आणि दांडा काढण्याला वेगळा अर्थ आला. म्हणून विधानातलं "आटोक्यात आली" हे बदलून "पुन्हा भडकली नाही" असं म्हटलं, तर ते बरंचसं मान्य करता येतं. पाच वाक्यं. प्रत्येकाला तीन-चारशे शब्द दे, तुझी मर्यादा संपली. शब्द वाटायची तुझी सवय चांगलीच आहे, फक्त ते शीर्षकांना वाटलेस, म्हणण्याला नाही.

एक मोह मला तुझ्या निबंधात दिसला. दक्षिण लंडनमधल्या दोन पाणी कंपन्यांची तुलना तू सविस्तर दिली आहेस. दर दहा हजार घरांमागे, शहराचा मैला मिसळलेलं पाणी देणाऱ्या साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३१५ मृत्यू, त्या मानाने स्वच्छ पाणी देणाऱ्या लॅम्बेथ कंपनीच्या गिऱ्हाइकांत ३७. आकडे बोलके आहेत. माझ्या मते तर स्नो यांचा तो सगळ्यात भक्कम पुरावा आहे. पण प्रश्न ब्रॉड स्ट्रीटचा आहे. पुराव्याची पद्धत सांगताना एक वाक्य, बस्स. चांगली माहिती गाळताना जीव खालीवर होतो हे मान्य, पण परीक्षक माहितीला गुण देत नसतो.

दुसरं पत्र: मी नोकरीतून निवृत्त झाल्यावर एम.ए.ला प्रवेश घेतला आहे. वाचनाचा कंटाळा नाही, उलट तेच सुटत नाही. एका निबंधासाठी दोन वह्या भरून टिपणं काढली. आणखी एक लेख वाचू, मग लिहू, असं करत मुदत तोंडावर येते आणि मग रात्रभर बसून कसंबसं लिहावं लागतं. वर्गातली मुलं टिपणांसाठी कुठली कुठली अॅप वापरतात. मीही शिकून घ्यावं का?

अॅप शिकायचं तर जरूर शिका, पण तुमचं दुखणं तिथे नाही. टिपणांच्या पद्धतींवर बोलताना हल्ली निकलास लुमान या जर्मन समाजशास्त्रज्ञांचं नाव हटकून निघतं. त्यांनी सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह केला होता आणि त्यातून कितीतरी पुस्तकं लिहिली. तो अख्ख्या आयुष्याच्या संशोधनाचा संसार होता. तुम्हाला येत्या महिन्यात एक निबंध द्यायचा आहे. त्यासाठी चिठ्ठ्यांचा कारखाना काढणं म्हणजे लिहिणं लांबवण्याची जरा प्रतिष्ठित तऱ्हा.

तुमच्या दोन वह्यांत काय आहे याचा अंदाज मी करू शकते: उतरून घेतलेले उतारे. ते काढताना काम चाललंय असं वाटतं, पण विचार दुसऱ्याचा आणि शब्दही दुसऱ्याचे. पुढे लिहायला बसलं की ती वाक्यं आपली की त्यांची हेही आठवत नाही, आणि वाङ्मयचौर्याचे बरेच आरोप हेतूपेक्षा अशा वह्यांतून जन्माला येतात. तेव्हा एक शिस्त पाळा. लेख वाचून झाला की मिटून ठेवा आणि न बघता दोन वाक्यं लिहा. पहिलं, या लेखकाचं म्हणणं काय. दुसरं, माझ्या प्रश्नाला याचा उपयोग काय. दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर लेख कितीही उत्तम असो, या निबंधापुरता तो बाजूला ठेवा. शब्दशः उतरवायचं ते फक्त जिथे लेखकाच्या शब्दांवरच तुम्हाला बोट ठेवायचं आहे तेवढंच, आणि तेही अवतरणचिन्हांत, पान क्रमांकासह. पान क्रमांक तेव्हाच टिपा. मुदतीच्या आदल्या रात्री तो शोधत बसणं हा छळ आहे.

वाचन कधी थांबवायचं हे तुम्ही विचारलं नाहीत, पण खरा प्रश्न तोच. नवा लेख वाचून तुमचं कच्चं उत्तर बदलायचं थांबलं की वाचन पुरे झालं. त्यासाठी आधी कच्चं उत्तर कागदावर असायला लागतं, म्हणून ते दोन-तीन लेख वाचल्यावरच लिहून टाका. चुकीचं निघालं तरी चालेल, वरच्या पत्रातल्या मुलीचंही बदलावंच लागलं. आणि रात्रीच्या जागरणाबद्दल: या वयात आणि कुठल्याच वयात त्यातून बरा निबंध निघालेला मी पाहिला नाही. मसुदा आणि अंतिम प्रत यांच्या मध्ये निदान एक झोप असू द्या. दुसऱ्या दिवशी स्वतःचं वाक्य परक्याचं वाटतं आणि त्यातलं वाकडं दिसतं.

तिसरं पत्र: सगळे मित्र चॅटबॉटकडून निबंधाचा आराखडा करून घेतात आणि लिखाण मात्र स्वतः करतात. हे चुकीचं आहे का?

पहिली गोष्ट, तुझ्या विभागाचा नियम वाच. काही ठिकाणी यंत्राची मदत घेतल्याचं नमूद केलं तर चालतं, काही ठिकाणी अजिबात चालत नाही. मित्रांचं चाललं म्हणून तुझं चालेल असं नाही.

नियम मोकळा आहे असं धरून माझं मत सांगते. तुम्ही नेमकं उलटं करता आहात. आराखडा हाच विचार आहे. तो दुसऱ्याकडून घेऊन वाक्यं स्वतः लिहिली, तर राहिलं ते हमालीचं काम. शिवाय अशा यंत्राला नुसता विषय दिला की बहुधा काय येतं? प्रस्तावना, पार्श्वभूमी, फायदे, तोटे, आव्हानं, निष्कर्ष. पहिल्या पत्रातली अनुक्रमणिका, फक्त नीटनेटकी. असे निबंध माझ्याकडे गठ्ठ्याने येतात. प्रत्येक भागात तीन मुद्दे, सगळे सारख्या उंचीचे, कशालाच धार नाही. समासात मी पेन्सिलने "म्हणून?" एवढंच लिहिते आणि पान उलटते.

उपयोग करायचाच तर आराखडा तू कर आणि त्यावर हल्ला करायला यंत्राला सांग: माझ्या या वाक्याविरुद्ध कोण काय म्हणेल? त्यातली दोन-चार उत्तरं फालतू असतील, एखादं खरंच बोचेल. बोचलेलं घे. संदर्भ मात्र त्याच्याकडून घेऊन न तपासता लिहू नकोस. अस्तित्वात नसलेले लेख, खऱ्या लेखकांच्या नावावर, खऱ्या नियतकालिकांत छापल्यासारखे, ही यंत्रं बेधडक देतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अशा बनावट निकालांचे दाखले न्यायालयात दिले आणि त्यांना ५००० डॉलरचा दंड बसला. तुझ्या परीक्षकाला तर एक संदर्भ ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर शोधायला मिनिटभर पुरतं.

चौथं पत्र: पहिलं वाक्यच सुचत नाही. तासन्‌तास कोऱ्या पानासमोर बसते. काय करू?

पहिलं वाक्य शेवटी लिही. निबंध कुठे जाणार हे कळल्याशिवाय त्याची ओळख करून देता येत नाही. मधल्या ज्या परिच्छेदाबद्दल तुला सर्वांत जास्त खात्री आहे तिथून सुरू कर, मग भले तो चौथा असो. परिच्छेदाचं पहिलं वाक्य आराखड्यातून जसंच्या तसं उचल, आराखडा वाक्यांत करण्याचा हा दुसरा फायदा. बाकीचं त्याच्या पुराव्याने भरतं.

शेवटी प्रस्तावनेकडे येशील तेव्हा "प्राचीन काळापासून मानव" अशी सुरुवात करू नकोस. "आजच्या धकाधकीच्या युगात" अशीही नको. शब्दकोशातली व्याख्याही नको. प्रश्नात नेमकी अडचण कुठे आहे, माझं उत्तर काय, ते मी कोणत्या वाटेने दाखवणार, एवढं सांगितलं की प्रस्तावना झाली. निबंधाच्या दशांशाहून लांब ती कशाला हवी?

पाचवं पत्र: निबंध मर्यादेपेक्षा ७०० शब्दांनी लांबला आहे. विशेषणं काढून काढून ६० शब्द कमी झाले. संदर्भसूची शब्दांत धरतात का? आणि संदर्भ द्यायची पद्धत कुठली बरी?

विशेषणांनी ७०० शब्द सुटत नाहीत, परिच्छेद सोडावे लागतात. छापील प्रत घे आणि प्रत्येक परिच्छेदासमोर समासात एका ओळीत लिही, याने काय सिद्ध केलं. दोन परिच्छेदांसमोर तीच ओळ आली तर दुबळा जाईल. काहीच लिहिता आलं नाही तर तो परिच्छेद बहुधा पार्श्वभूमीचा असतो, तो पहिला जाईल. थोर व्यक्तींचे जन्म, शिक्षण, पुरस्कार हे सगळं त्यातच मोडतं. काढलेलं वेगळ्या फाइलमध्ये ठेव, म्हणजे हात चालतो. ती फाइल पुन्हा कुणी उघडत नाही ही गोष्ट वेगळी.

संदर्भसूची बहुतेक ठिकाणी शब्दमर्यादेत धरत नाहीत. तळटीपांबाबत मात्र नियम वेगवेगळे असतात, तेव्हा तो विभागातच विचार. पद्धत विभाग सांगेल ती. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र अशा विषयांत एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची पद्धत) चालते, तिची २०१९ची सातवी आवृत्ती पाहा, जुन्या पुस्तिकेवरून करू नकोस. भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची), इतिहासात तळटीपांची शिकागो पद्धत असं साधारण दिसतं. त्यांत बरी-वाईट असं काही नाही, पण एकाच निबंधात दोन पद्धतींची खिचडी झाली की वाचणाऱ्याला संशय येतो, आणि मग तो एरवी पाहिलं नसतं तेही पाहू लागतो. सूची मसुद्याबरोबरच वाढवत ने. संदर्भ सांभाळणारं झोटेरोसारखं मोफत साधन वापरलंस तरी त्याने आपोआप भरलेलं नाव, वर्ष आणि पान एकदा डोळ्यांखालून घाल. लेखकाचं आडनाव पहिल्या नावाच्या जागी गेलेलं मला त्यात वरचेवर दिसतं.